बोगदा नसलेल्या लाइनीवर

संत्र्याचा बहर डोळ्यांना फार उशिरा दिसतो. आधी वास येतो. परवा शाळेतून परतताना पांढुर्ण्याच्या फाटकाशी सायकल धरून उभा होतो. मालगाडी जात होती, डबे संपता संपत नव्हते, आणि दोन डब्यांच्या मधल्या फटीतून तो वास आला. लोखंडाच्या आणि ग्रीसच्या वासातून वाट काढत आलेला, गोड, किंचित कडसर. गाडी गेली, फाटक वर झालं, माणसं पलीकडे निघून गेली. मी तिथंच. मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना सर, पुन्हा पडन फाटक." मी सायकल ढकलत रूळ ओलांडले आणि घरी येऊन खिडक्या लावून घेतल्या. उपयोग झाला नाही. वास खिडक्यांना विचारून येत नाही.

माघ आला, एवढाच त्याचा अर्थ. इकडे सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत आणि खाली काटोलपर्यंत माघ असाच येतो. ज्यांच्या घरी संत्र्याचं एकही झाड नाही त्यांच्याही घरात येतो. माझ्या घरी नाही. मी शाळेत मराठी शिकवतो, माझे वडीलही मास्तरच होते, आमची शेती फक्त पाठ्यपुस्तकातली. संत्र्याचं जे काही मला कळतं ते नंदामुळे. नंदा माझी बायको. तिचं माहेर सौंसरचं, आणि वडिलांचा, नंतर भावाचा, बगीचा रामाकोन्याच्या अंगाला. मागच्या माघात ती गेली.

मागच्या वर्षीचा तो एक मोसम, पौषातल्या कोरड्या थंडीपासून माघातल्या फुलांपर्यंतचा, मला अजून सलग आठवत नाही. आठवतात ते प्रसंग. त्यातले निम्मे आमचे आहेत आणि निम्मे एका जुन्या सिनेमातले. कधी कधी कुठला कुठला हे मला पटकन सांगता येत नाही.

नंदाला औषध देण्यासाठी आम्ही पांढुर्ण्याहून नागपूरला जायचो. सकाळच्या पॅसेंजरनं. शिरेतून थेंब थेंब औषध, मग घरी परत, मग काही दिवस तिनं भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, आणि जरा उठून बसायला लागली की पुन्हा गाडी. डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघायचे. पहिल्या खेपेला मी गाडीत बसल्या बसल्या पिशवीतून पुस्तक काढलं. मला दुसरं काही सुचलं नव्हतं. नंदा खिडकीशी बसली होती, कानाला मफलर गुंडाळून. ती म्हणाली, "ठेवा ते पुस्तक, मास्तर. गाडीत बसून तुमाले गाडीतला पिक्चर सांगते."

कुठला पिक्चर ते मला माहीत होतं. आमच्या लग्नाइतकीच त्याची माझी जुनी ओळख होती, पण नुसती नावापुरती. काळापांढरा, सगळा एका आगगाडीत घडणारा, खुनाचा. नंदानं तो लहानपणी सौंसरला पाहिला होता. गल्लीतल्या एका घरी व्हिडिओ भाड्यानं आणायचे आणि भर दुपारी खिडक्यांना पोती लावून खोली अंधारी करायचे. पोत्यांना कापसाचा वास, आत पन्नासएक माणसं, आणि पडद्यावर धुकं. दुसऱ्या दिवशी तिला वडिलांबरोबर छोट्या लाइनीच्या गाडीनं रामाकोन्याला जायचं होतं. ती डब्यात चढायलाच तयार होईना. समोर बसलेली प्रत्येक बाई, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन निघालेला प्रत्येक म्हातारा तिला खुनी वाटत होता. ती छोटी गाडी आता बंद झाली, तिच्या जागी मोठी लाइन आली, पण नंदा त्या मार्गाला शेवटपर्यंत 'खुन्यांची लाइन' म्हणायची. पुढे टीव्हीवर तो सिनेमा जेव्हा जेव्हा लागला तेव्हा तेव्हा तिनं तो पाहिला. मला काळ्यापांढऱ्या चित्रात कोट घातलेली सगळी माणसं सारखीच दिसतात, त्यामुळे मी कधी शेवटपर्यंत बसलो नाही.

आता ती सांगू लागली. धुक्यातलं एक स्टेशन. नोकरीतून मोकळी होऊन गावी परत निघालेली एक म्हातारी नर्स, तिच्याजवळ विणकामाची टोपली. डब्यात सहा जण. त्यात मफलर गुंडाळलेला एक जाडा व्यापारी आणि लांब कोटातला एक माणूस, जो सगळ्यांना सारखी वेळ विचारत असतो.

"ह्याच्या हातात घड्याळ हाय का?" आमच्या समोरून आवाज आला. ते ढोबळे भाऊ. नागपूरला एका ऑफिसात नोकरीला, रोज अप-डाऊन करणारे. त्यांनी डबा उघडून मांडीवर ठेवला होता आणि घास हातात तसाच होता.

नंदा खूश झाली. "पाहा! मास्तर, तुमी नाही विचारलं हे. यायनं विचारलं. हाय, भाऊ. घड्याळ हाय त्याच्या हातात. तरी विचारते."

"मंग गडबड हाय," ढोबळे भाऊ म्हणाले आणि त्यांनी घास तोंडात घातला.

त्या दिवसापासून ते आमचीच बाकडी धरून ठेवू लागले. आम्ही रोज नसायचो. मधले दिवस ते कसे काढत कोण जाणे. आम्ही दिसलो की हात वर करायचे, नंदासाठी खिडकी मोकळी करायचे आणि म्हणायचे, "या म्याडम. बसा. गाडी कुठी थांबली होती आपली?" तब्येतीचं त्यांनी कधीच विचारलं नाही. मफलर गेला आणि डोक्याला घट्ट रुमाल आला, तो त्यांनी पाहिलाच असणार.

बोगद्याचा प्रसंग नरखेडच्या पुढे आला होता. नंदा म्हणाली, "आता गाडी बोगद्यात शिरून राहिली. पण आपल्या लाइनीवर तर बोगदा नाही. बोगदे सारे वर, बैतूलकडं. म्हणून डोळे मिटा दोघंबी."

मी मिटले. ढोबळे भाऊंनीही मिटले असावेत, कारण त्यांचा डबा बंद झाल्याचा आवाज आला. नंदा काही बोलेना. रुळांचा आवाज, कुणाच्या तरी पोराचं रडणं, चहावाल्याची हाक. ती इतका वेळ गप्प राहिली की मला भीती वाटली. मग ती म्हणाली, "उघडा."

"काय झालं?" ढोबळे भाऊंनी विचारलं.

"काहीच नाही. सारे जागच्या जागी. फक्त म्हातारीचं विणकाम तिच्या हातात नाही, ते मफलरवाल्याच्या मांडीवर हाय. अन् मफलरवाला मेला हाय."

"बाप्पा! अन् कोणी बोंबलत नाही?"

"कोणाले मालूमच नाही ना. काहून, तं गाडी चालू हाय. गाडी हलते तसा तोबी हलते. कोटवाला त्याले म्हणते, थंडी लय हाय ना शेठ? अन् तो मान डोलवते. म्हातारी बोलते, तिलेबी मान डोलवते. सारे त्याच्याशी बोलून राहिले."

"मंग कळते कवा?"

"गाडी थांबते तवा. सारे हलायचे थांबतात. पण जिते हायेत ते पुन्हा हलतात. कोणी पाणी पिते, कोणी खिडकीतून पाह्यते. हा थांबला तो थांबलाच."

काटोलला उतरणाऱ्या-चढणाऱ्यांच्या गर्दीत ढोबळे भाऊंनी एकदा डब्यातल्या सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं, आणि नंदा हसली. तिचं ते हसणं माझ्याजवळ आहे. बाहेर खोडाला गेरू-चुना लावलेली संत्र्याची झाडं मागे पळत होती. त्यांची पानं मलूल, आत वळलेली, तहानलेली होती.

ही तहान मुद्दाम लावलेली असते. आंबिया बहार, म्हणजे माघातली ही फुलं, धरायचा असला की थंडीत बगीच्याचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड वाढायचं थांबतं, पानं फिकी पडतात, गळू लागतात. पाहणाऱ्याला वाटतं मेलं. मग नेमकी वेळ बघून हलकं पाणी देतात, आंबवणीचं, आणि त्यानंतर काही दिवसांनी फांदी न् फांदी फुलते. सगळी कला ती वेळ ओळखण्यात. पाणी लवकर दिलं तर फूल कमी येतं, आणि उशीर झाला तर मुरमाड जमिनीतलं झाड परत येत नाही. हे मला लग्नानंतरच्या पहिल्या पौषात सासऱ्यांनी सांगितलं होतं, संत्र्याचं एक पान माझ्या बोटांत देऊन. "मोडून पाहा, जवाईबापू. आवाज आला तर उशीर झाला."

त्यांच्या घरची एक रीत होती. ताण तोडायचा तो घरच्या लेकीच्या हातानं. मोटर सुरू करायच्या आधी सगळ्यात जुन्या झाडाच्या बुडाशी लेकीनं तांब्याभर पाणी ओतायचं. नंदानं ते परकरात असल्यापासून केलं होतं. लग्नानंतरही ती दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास एक दिवस सौंसरच्या बसमध्ये बसायची, भाऊ मधुकर तिला फटफटीवरून बगीच्यात न्यायचा, आणि संध्याकाळी ती चिखलाच्या पायांनी परत यायची. मी तिला एकदा म्हटलं होतं की तांब्याभर पाण्यानं झाडाला काय कळतं. ती म्हणाली होती, "झाडाले नाही कळत. मधूले कळते."

गेल्या वर्षीही मधुकरनं मार्गशीर्षात पाणी तोडलं. तेव्हा नंदाचं दुखणं आम्हाला नुकतंच कळलं होतं, आणि संक्रांतीपर्यंत ती तांब्या उचलण्याइतकी बरी होईल असं आम्ही सगळेच म्हणत होतो. मधुकर तर फार मोठ्यानं.

सिनेमातला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग तिनं कळमेश्वरच्या अलीकडे सांगितला. गाडी रानात अडकून पडली आहे. कोटवाला बराच वेळ दिसत नाही, मग येतो आणि म्हणतो, मी इंजिनाजवळ होतो, ड्रायव्हरला विचारत होतो गाडी कधी सुटणार. म्हातारी त्याला चहा ओतून देते. कप देताना जरा पुढे वाकते. बस. नंतर कितीतरी वेळ पडद्यावर फक्त तिचा चेहरा. मग ती गार्डाला बाजूला घेते आणि विचारते, इंजिनाजवळून आलेल्या माणसाच्या अंगाला कोळशाचा वास कसा नाही?

"पकडला!" ढोबळे भाऊंनी मांडीवर थाप मारली. "तोच खुनी!"

"तोच असता तं पिक्चर इथंच नसता संपला का, भाऊ? तो खोटं बोलला, एवढं खरं. पण खोटं बोलणारा खुनीच असते असं थोडीच हाय? कोणी दुसऱ्याले वाचवासाठीबी खोटं बोलते."

"मंग खुनी कोण?"

"ते नाही सांगत."

"अवं म्याडम!"

"बगीचा फुलला का सांगीन. माह्या भावाचा बगीचा हाय रामाकोन्याले. त्याले फूल आलं का त्याच दिवशी सांगीन, या गाडीत बसून."

ढोबळे भाऊ माझ्याकडे वळले. "सर, तुमाले तं मालूम असन."

"नाही हो," मी म्हणालो.

"काय राजेहो," ते म्हणाले, "घरात ठेवून काय फायदा मंग!" नंदाला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला आणि तो ठसका नागपूर येईपर्यंत थांबला नाही. त्या खेपेला तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही.

दवाखान्याच्या खिडकीतून एक पाण्याची टाकी दिसायची आणि टाकीवर बसलेली कबुतरं. मधुकर आला तो राहिलाच. वऱ्हांड्यात चटई टाकून असायचा, नंदासाठी संत्र्याच्या फोडी सोलून त्यावरचा एक एक पांढरा धागा काढत बसायचा, आणि ती त्या खाऊ शकायची नाही. त्याला दिवसातून कितीदा तरी बगीच्यातल्या माणसाचा फोन यायचा. फोनमधला आवाज मला ऐकू यायचा, इतका तो माणूस ओरडून बोलायचा. "दादा, पानं कोकडून राहिले. सोडू का पाणी?"

"थांब अजून," मधुकर म्हणायचा. "ताई येऊन राहिली."

संक्रांत गेली. फोन येतच होते. नंदानं एकदा सगळं ऐकलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "मधू, पाणी सोड रे. माह्या हातात काय हाय? कोणीबी सोडलं तरी पाणीच असते ते."

"नाही ताई. तुहा हात लागल्याबिगर नाही."

"बगीचा मरन ना बाबू."

"नाही मरत. चार दिवसानं सुट्टी होते तुही. डॉक्टर म्हणाला ना. भाऊजी, म्हणाला ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. मी हो म्हणालो.

मधुकर अडाणी शेतकरी नव्हता. पान हातात घेतलं की झाडाचं पोट त्याला कळायचं. त्या दिवसांत त्यानं बगीच्यात जाऊन पान हातात घेतलं नाही एवढंच. तांब्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा म्हणजे ताई येणार नाही असं कबूल करायचं, आणि ते त्याच्यानं होईना. मला हे तेव्हा नीट दिसत होतं आणि मी त्याला काही म्हणालो नाही, कारण तो पाणी सोडत नव्हता तोवर मलाही थोडं बरं वाटत होतं.

शेवटी तो गेला. त्याच्या बायकोनंच बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला, आंघोळ केलेला, धुतलेला शर्ट घातलेला. पलंगाशी बसला. चेहऱ्यावर ठेवून ठेवून आणलेलं हसू होतं.

"सोडलं पाणी," तो म्हणाला. "कधीचं सोडलं होतं ताई, तुले सांगितलं नाही फक्त. फुलला बगीचा. असा फुलला का पान दिसत नाही. मधमाशा नुसत्या..."

नंदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या हाताला धरून जवळ ओढलं. त्याला वाटलं तिला उठून बसायचंय, म्हणून तो वाकला. तिनं त्याची बाही आपल्या चेहऱ्याशी नेली आणि डोळे मिटून तशीच राहिली. बहरातल्या बगीच्यातून आलेल्या माणसाचा वास दोन दिवस जात नाही. कपडे बदला, आंघोळ करा, केसांत राहतो, कानामागे राहतो. लग्नानंतर दर वर्षी ती फुलं बघायला म्हणून माघात पुन्हा एकदा जायची आणि परत आली की आमची खोली त्या वासानं भरून जायची. मलाही ते माहीत होतं. मधुकरला तर जन्मापासून.

तिनं बाही सोडली.

"मधू," ती म्हणाली, "तू इंजिनाजवळून नाही आला."

मधुकरला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हिला भ्रम होतोय का असं विचारत. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसलो. ते आधीच घट्ट होतं.

"जेवला का?" तिनं त्याला विचारलं.

"हो ताई."

"हेबी खोटं," ती म्हणाली आणि त्याच्या मनगटावर तिनं हळूच थोपटलं. "जा. खाऊन ये काहीतरी."

तो गेल्यावर मला वाटलं ती काही बोलेल. ती टाकीवरच्या कबुतरांकडे बघत होती. बगीचा गेल्याचं तिला त्या एका श्वासात कळलं होतं. भाऊ खोटं कशासाठी बोलतोय हेही कळलं असणार, आणि मग आम्ही सगळे गेले कितीतरी दिवस कशाकशाबद्दल खोटं बोलत आहोत तेही. मी विचारलं, "खुनी कोण होता, नंदा?" का विचारलं माहीत नाही. आवाज यावा म्हणून विचारलं असेन.

"बगीचा कुठं फुलला?" ती म्हणाली.

माघ उतरायच्या आत ती गेली. सकाळची वेळ होती. मधुकर म्हणाला, "सौंसरवरून नेऊ भाऊजी, गाव लागन तिचं." दवाखान्याची गाडी सौंसरवरून घेतली. दोन्ही बाजूंना लोकांचे बगीचे फुललेले. ड्रायव्हरनं काच खाली केली होती, वास आत येत होता, इतका की मधुकरनं तोंडाला उपरणं लावलं. मी तिच्या उशाशी बसलो होतो. रस्ता खराब होता. गाडी हलत होती तशी तिची मान हलत होती, अगदी बारीक, समोरच्याचं ऐकत असल्यासारखी. मला माहीत होतं आपण काय पाहतोय, आणि तरीही मी तिच्याशी बोलत होतो. लोधीखेड्याकडचे ओळखीचे लोक रस्त्यानं दिसतात का ते बघ, असलं काहीतरी. तिची मान हो म्हणत होती. पांढुर्ण्याच्या फाटकाशी गाडी थांबली. मालगाडी जात होती. ड्रायव्हरनं पाणी प्यायलं, मधुकरनं डोळे पुसले, मी पाय हलवला.

तो बगीचा आता नाही. पावसाळ्यात काही झाडांना बुडाशी फुटवे आले, पण ते कलमाखालच्या आंबट खुंटाचे, संत्र्याचे नव्हेत. मधुकरनं सगळी झाडं तोडली आणि तिथं तूर पेरली. सगळ्यात जुनं झाड तेवढं वाळलेलं उभं ठेवलं आहे. तो फोन करतो, दोन शब्द इकडचे तिकडचे बोलतो आणि मग दर वेळी तेच विचारतो. "भाऊजी, ताईले कळलं होतं का हो? बगीच्याचं?"

"नाही रे," मी सांगतो. "तिनं खरं मानलं होतं."

"ते इंजिनाचं काय बोलली होती मंग?"

"भ्रमात होती."

पलीकडे त्याचा श्वास सुटल्याचा आवाज येतो. तो पुन्हा फोन करतो तेव्हा पुन्हा विचारतो. मीही पुन्हा सांगतो. खोटं बोलणारा खुनीच असतो असं थोडंच आहे.

खुनाच्या गोष्टी लोकांना का आवडतात ते मला आता समजतं. त्यांत माणूस मरतो, पण कुणीतरी मारलेलं असतं. कुणाकडे तरी बोट दाखवता येतं, आणि ते दाखवलं की दिवे लागतात, लोक पोती काढून खिडक्या उघडतात आणि घरी जातात. आमच्या गोष्टीत मी सगळ्यांना एकेक करून तपासलं आहे. डॉक्टर, मधुकर, मी स्वतः, ते औषध, ती थंडी. कुणाच्याच अंगाला कोळशाचा वास येत नाही.

वैशाखात शाळेला सुट्टी लागल्यावर एका दुपारी तो सिनेमा मी मोबाइलवर लावला. आता तो कुणालाही केव्हाही पाहता येतो. धुक्यातलं स्टेशन आलं, म्हातारी आली. बोगदा आला. मी तेवढ्यापुरते डोळे मिटले. मफलरवाला मान डोलवू लागला, पण ती नंदानं सांगितली होती तशी नव्हती, फारच थोडी होती. म्हातारी वाकून कप देते तिथपर्यंत मी पाहिलं आणि बंद केलं. पुढचं तिनं सांगायचं राहिलं आहे. तिच्याकडून यायचं असं एवढंच काय ते उरलं आहे, ते मी दुसऱ्या कुणाकडून घेणार नाही. एवढं ठरवल्यानं काही हलकं वाटलं असं नाही. मोबाइल पालथा घातला आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथंच बसलो.

काल शनिवार होता. शाळेला सुट्टी टाकून मी सकाळच्या पॅसेंजरनं नागपूरला निघालो. नागपूरला माझं काही काम नसतं. स्टेशनावर उतरतो, एक चहा पितो आणि परतीच्या गाडीत बसतो. काल डब्यात चढलो तर खिडकीजवळून एक हात वर झाला.

"सर! ओ सर! या, या. बसा."

ढोबळे भाऊ. केस पांढरे झाले होते. मागच्या फाल्गुनात त्यांची बदली वर्ध्याला झाली होती, आता पुन्हा नागपूर मिळालं, हे त्यांनी मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. त्यांच्या शेजारची खिडकी रिकामी होती. त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"म्याडम नाही आल्या?"

"नाही."

"बऱ्या हायेत ना आता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा डबा मांडीवर होता, झाकण अजून उघडायचं होतं. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आता त्रास नाही तिला," मी म्हणालो.

"बेस झालं. लय बेस झालं, सर. मी घरी सांगतो, लय हिंमतवाल्या बाई हायेत." ते पुढे सरकले. "आता सांगा. खुनी कोण निघाला? वर्ध्याले जाऊन साल निघून गेलं, पण डोक्यातून जात नाही माह्या. मी तं घरच्यायलेबी सारा पिक्चर सांगितला. शेवट नाही म्हणून शिव्या खाल्ल्या."

"तिनं सांगितलं नाही अजून."

"अजून नाही?" ते खदखदून हसले. "काय म्हणत होत्या त्या, बगीचा फुलला का सांगीन. अन् हे काय मंग?" त्यांनी खिडकीतून बाहेर हात केला. नरखेड मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना बगीचे पांढरे झाले होते आणि वास डब्यात भरत होता, लोकांच्या पिशव्यांत, पोरांच्या केसांत, ढोबळे भाऊंच्या बाहीत. "चारीकडं फुलून राहिले. आता त्यायले बहाणा नाही. आज घरी गेले का विचारून ठेवा. सोमवारी भेटलो का सांगा मले. सांगसान ना?"

मी मान हलवली. गाडी चालू असली की त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

ते समाधानानं मागे टेकले. डबा उघडून त्यांनी एक पोळी माझ्याकडे केली, मी नको म्हणालो नाही, ती हातात धरून बसलो. ते त्यांच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होते, वर्ध्याच्या पाण्याबद्दल, नव्या साहेबाबद्दल. मी मान हलवत होतो. काटोल गेलं. कळमेश्वरच्या अलीकडे सिग्नल मिळाला नाही आणि गाडी थांबली. डब्यातली माणसं क्षणभर स्तब्ध झाली, मग हलली. कुणी बाटली काढली, कुणी दारात जाऊन वाकून पाहू लागलं, एका बाईनं झोपलेलं पोर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. बाहेर रुळांना लागून एक बगीचा होता. त्यात माणूस नव्हतं, फक्त मधमाशांचा आवाज.

"सर," ढोबळे भाऊ म्हणाले.

गाडी उभीच होती. पोळी माझ्या हातात तशीच होती.

"ओ सर?"